पंगतीपासून न्यायासनापर्यंत : शीख सेवासंस्थांचे कार्य

आपल्या मराठी भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा एक शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानावर तुपाची धार सढळ हाताने धरावयाची आणि दुसऱ्याच्या पानापाशी वाढप्याने घाईने पुढे सरकावयाचे, ह्या प्रकारास ते नाव आहे. ज्या दोषास एखादी भाषा स्वतंत्र शब्द योजते, तो दोष त्या समाजात चांगलाच मुरलेला असला पाहिजे, असे समजण्यास हरकत नाही. शीख धर्मीयांनी ह्याच्या उलट टोकाची एक संस्था पाचशे वर्षांपासून चालविली आहे. तिचे नाव लंगर. ह्या लंगरातून पुढे आपद्ग्रस्तांच्या साहाय्याचे मोठे कार्य कसे उभे राहिले, आणि अन्न वाढणारे हेच लोक न्यायालयाची पायरी का चढले, ह्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावी म्हणून हा लेख लिहिला आहे.

पंजाब आपल्यापासून दूर आहे, तेव्हा हा विषय सोलापूरकरांस परका वाटेल. पण तो तसा नाही. शिखांचे दहावे व अखेरचे गुरू गोविंदसिंग ह्यांचा अंत इ. स. 1708 च्या ऑक्टोबरात गोदावरीच्या काठी, नांदेड येथे झाला. तेथे महाराजा रणजितसिंगाने 1832 ते 1837 ह्या काळात बांधविलेला सचखंड हुजूर साहिब हा गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक होय. 1699 साली आनंदपूर येथे ह्याच गुरूने भर सभेत शीर अर्पण करणारा कोण आहे, असे विचारले असता जे पाच जण एकामागून एक उठले, त्यांतील एक आपल्या शेजारच्या बिदरचा न्हावी होता, दुसरा द्वारकेचा छिंपी, तिसरा जगन्नाथपुरीचा पाणक्या. ह्या पाचांनी एकाच पात्रातून अमृत प्राशन केले आणि त्यानंतर गुरूने स्वतः त्यांच्याच हातून ते घेतले. खालसा पंथाची ही सुरुवात.

आमच्या जिल्ह्याचा संबंध तर ह्याहूनही जवळचा आहे. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात गुरूंच्या वाणीबरोबर अन्य संतांची पदेही आहेत आणि त्यांत नामदेवांची 61 पदे आहेत. पंढरपूरच्या वाळवंटात कीर्तन करणाऱ्या शिंप्याचे शब्द आज अमृतसरच्या सुवर्णमंदिरात गायिले जातात. ग्रंथात ज्यांची पदे आहेत, अशा त्रिलोचन व परमानंद ह्या दोन भगतांचा संबंध परंपरा आपल्या बार्शीशी जोडते. नामदेव उत्तरेत गेले व गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले, असे मानतात. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्या गावी भरले, ते ह्याच नात्याने.

ह्या नामदेवांची एक कथा आमच्या मुलांनी अवश्य लक्षात ठेवावी. चोखामेळा हे जातीमुळे मंदिराबाहेर ठेवलेले संत मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर राबत असता भिंत कोसळून इतर मजुरांसह मरण पावले. नामदेव तेथे गेले, त्यांनी अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. समाधी झाली, पण दार उघडले नाही. ते उघडावे म्हणून साने गुरुजींस 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. समाधी आणि दार ह्यांमध्ये सुमारे सहाशे वर्षांचे अंतर आहे. भूतदया व न्याय ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, हे ह्यावरून कळून येते.

आता लंगराविषयी. ही प्रथा पहिले गुरू नानक (1469 ते 1539) ह्यांच्यापासून चालत आली. तिसरे गुरू अमरदास ह्यांनी तिला नियमाचे रूप दिले. गुरूच्या भेटीस येणाऱ्याने आधी पंगतीत बसून जेवावे, मग भेट, असा तो नियम होता. अकबर बादशहासही तो पाळावा लागला, असे शीख परंपरा सांगते. ज्या काळी कोणाच्या हातचे पाणी चालते व कोणाचे चालत नाही ह्यावर माणसाची किंमत ठरत असे, त्या काळी हा नियम केवढा धारदार होता, ह्याची कल्पना आजच्या मुलांस येणे कठीण आहे. त्यांच्या आजोबांस विचारावे म्हणजे येईल.

लंगराची व्यवस्था साधी आहे. सर्वांनी जमिनीवर एका ओळीत बसावयाचे. उच्चासन कोणासही नाही. अन्न शाकाहारी असते, म्हणजे कोणत्याही धर्माच्या माणसास संकोच पडू नये. नाव, गाव, जात विचारावयाची नाही आणि पैसा घ्यावयाचा नाही. स्वयंपाक, वाढप व भांडी घासणे ही कामे पगारी आचाऱ्यांवर न सोपविता येईल त्याने करावयाची; ह्या श्रमास 'सेवा' म्हणतात. वकील रोट्या लाटीत आहे आणि त्याच्या शेजारी त्याचाच अशील कणीक मळीत आहे, असे दृश्य तेथे असंभवनीय नाही. खर्चासाठी 'दसवंध' म्हणजे मिळकतीचा दहावा भाग धर्मकार्यास देण्याची रीत आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांस दशांश हा शब्द पवित्र शास्त्रातून परिचयाचा आहे. तो देण्याच्या बाबतीत आम्ही कितपत नियमित आहो, हे मंडळीच्या खजिनदारासच ठाऊक. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात ह्या रीतीने दररोज पन्नास हजारांहून अधिक लोक जेवतात, सणावारी संख्या लाखापर्यंत जाते.

अशा स्वयंपाकघराचे महत्त्व संकटकाळी कळते. 2020 च्या मार्च महिन्यात करोना रोगामुळे देशभर टाळेबंदी झाली आणि लाखो मजूर शहरे सोडून पायी आपापल्या मुलखाकडे निघाले. आमच्या शहरात यंत्रमागावर काम करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांस त्या दिवसांचे वर्णन सांगावयास नको. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, यवतमाळ जिल्ह्यात करंजी गावाजवळ शिखांचा एक लंगर आहे. तो 1988 पासून चालू आहे. महामार्गावरील भोजनालये बंद, गावे भीतीने दाराआड, आणि रस्त्यावर माणसांची रीघ, अशा स्थितीत कित्येक कोसांच्या टप्प्यात अन्न मिळण्याचे जवळपास तेवढे एकच ठिकाण राहिले. त्याचे प्रमुख बाबा कर्नैलसिंग खैरा हे त्या वेळी 81 वर्षांचे होते. पहिल्या दहा आठवड्यांत तेथे वीस लाखांवर लोकांस अन्न मिळाले, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. मुलांनी भागाकार करून पाहावा: सत्तर दिवसांत वीस लाख, म्हणजे रोज अठ्ठावीस हजारांहून अधिक पाने. आसपासच्या मोकाट कुत्र्यामांजरांस व गुरांसही तेथे खावयास मिळत होते.

एवढे काम एका आडमार्गाच्या ठिकाणी एकाएकी कसे उभे राहिले? आमच्या मते ह्याचे उत्तर असे की ते एकाएकी उभे राहिलेच नव्हते. मोठाली पातेली, चुली, धान्याचा साठा आणि हजार माणसांचा अंदाज असलेले हात तेथे बत्तीस वर्षांपासून रोजच्या सवयीचे होते. शिवाय 'तू कोण, कोठला, तुझ्यापाशी कोणता कागद आहे' हे विचारण्याची तेथे रीतच नव्हती. साहाय्य देणाऱ्या पुष्कळ कचेऱ्यांत पहिला अर्धा दिवस ह्याच प्रश्नांत जातो. पुढे 2021 च्या एप्रिलात दिल्लीजवळच्या गाझियाबादेत रुग्णांस प्राणवायू मिळेनासा झाला, तेव्हा इंदिरापुरम येथील गुरुद्वाऱ्याने रस्त्यावरच नळकांडी मांडून मोटारीत बसलेल्या रुग्णांस प्राणवायू दिला. लोकांनी त्यास 'ऑक्सिजन लंगर' असे नाव दिले. वस्तू बदलली, रीत तीच राहिली.

शत्रुमित्र न पाहण्याचा धडा शिखांस त्यांच्या इतिहासातूनच मिळाला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया नावाचा शिष्य रणांगणावर जखमींस पाणी पाजीत असे. तो शत्रूच्या शिपायांसही पाणी देतो, अशी तक्रार गुरू गोविंदसिंगांकडे गेली. विचारणा झाली तेव्हा, मला सर्वांच्या ठायी एकच रूप दिसते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. गुरूने त्यास दोष न देता उलट मलमपट्टीचे साहित्य हाती दिले, अशी कथा आहे. सॉल्फेरिनोच्या रणभूमीवरील जखमी पाहून हेन्री ड्युनांट कळवळला ते 1859 साल, आणि जिनीव्हाचा पहिला करार झाला तो 1864 साली. म्हणजे दीडशे वर्षे आधी हा विचार पंजाबात कोणी तरी आचरून दाखविला होता. आमच्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीन देशात जखमींच्या शुश्रूषेस गेले व 1942 साली तेथेच वारले. त्यांच्या गावच्या मुलांस ह्या कथेचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्या परंपरेतून अलीकडे ज्या सेवासंस्था निघाल्या, त्यांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत, आणि दोन्हींचा जन्म 1999 सालचा, म्हणजे खालसा पंथास तीनशे वर्षे पुरी झाली त्या वर्षीचा आहे. इंग्लंडातील रवी सिंग ह्यांनी स्थापिलेल्या 'खालसा एड' संस्थेचे पहिले काम कोसोव्होतील युद्धामुळे अल्बानियात आलेल्या निर्वासितांत झाले. हे निर्वासित बहुतांशी मुसलमान होते. 2017 साली म्यानमारमधून बांगलादेशात पळून आलेल्या रोहिंग्या लोकांसाठीही ह्याच संस्थेने अन्नछत्र घातले. पंजाबच्या इतिहासात शीख व मुसलमान ह्यांत किती रक्त सांडले, हे ज्यांनी वाचले आहे त्यांस ह्या दोन गोष्टींचे मोल अधिक वाटेल. दुसरी संस्था 'युनायटेड सिख्स'. न्यूयॉर्क शहरातील काही शिखांनी तेथे नव्याने आलेल्या आपल्या गरीब बांधवांस मदत करावी म्हणून ती काढली, व पुढे तिने आपद्ग्रस्तांच्या साहाय्याबरोबर नागरी हक्कांचे रक्षण हेही आपले काम मानले.

येथे एखादा पालक विचारील की अन्नदान करणाऱ्यांनी अन्नदान करावे, कोर्टकचेरीच्या भानगडीत कशास पडावे? ह्याचे उत्तर समजण्यासाठी आधी पगडीचा विचार केला पाहिजे. खालसा पंथाच्या शिखाने केस कापावयाचे नाहीत, असा त्याचा नियम आहे, आणि पगडी ही त्या केसांचे आवरण आहे. ती टोपीप्रमाणे काढून खुंटीस अडकविण्याची वस्तू नव्हे. परदेशात ती चटकन नजरेत भरते. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 रोजी अतिरेक्यांनी मनोरे पाडले; त्यानंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोना प्रांतातील मेसा गावी बलबीरसिंग सोधी नावाचा शीख गृहस्थ केवळ पगडी व दाढी पाहून गोळी घालून ठार करण्यात आला. ज्याचे शिरोभूषणच जिवावर बेतते, त्यास भाकरीइतकीच कायद्याची गरज असते.

शाळेच्या गणवेशाचा प्रश्न तर आम्हा शिक्षकांच्या अंगणातला आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. 1978 साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी पार्क ग्रोव्ह नावाच्या खासगी शाळेत एका शीख मुलास प्रवेश हवा होता. मुख्याध्यापकांनी पगडी काढून केस कापल्यास घेऊ, असे सांगितले. त्यांचे म्हणणे दुष्टपणाचे नव्हते. शाळा ख्रिस्ती तत्त्वांवर चाललेली आहे, तीत अनेक वंशांची मुले आहेत, आणि धर्माचे व समाजाचे भेद जितके कमी दिसतील तितके बरे, अशी त्यांची भूमिका होती. मुलाच्या वडिलांनी दावा लावला. कायदा 1976 चा होता, पण त्याने वंशावरून केलेला भेदभाव निषिद्ध ठरविला होता, धर्मावरून केलेला नव्हे. शीख हा वंश नसून धर्म आहे, असे म्हणून खालच्या न्यायालयाने व त्यावरील अपील न्यायालयानेही दावा फेटाळला. शेवटी 1983 च्या मार्चमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरविला.

त्या निकालातील दोन मुद्दे मुलांस समजण्यासारखे आहेत. पहिला असा की ज्या समाजास दीर्घ सामायिक इतिहास व स्वतःची चालीरीत आहे, जो स्वतःस व इतरांसही वेगळा म्हणून ओळखू येतो, त्यास कायद्याचे रक्षण मिळावे. केवळ रक्ताची परीक्षा करीत बसू नये. दुसरा मुद्दा अधिक मार्मिक आहे. पगडी काढणे ह्या मुलास शक्य होतेच की, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. हाताने उचलून बाजूस ठेवणे शक्य होते, हे खरे. पण न्यायमूर्तींनी सांगितले की 'शक्य' ह्याचा अर्थ शरीराने शक्य असा नसून आपला धर्माचार न मोडता व्यवहारात शक्य, असा घ्यावयाचा. पुढे 1988 साली लंडनमधील एका मद्यगृहाने भटक्यांस प्रवेश नाही, अशी पाटी लावली असता, जिप्सी लोकांस कायद्याचे रक्षण आहे की नाही हे ह्याच शीख मुलाच्या निकालाची कसोटी लावून ठरविण्यात आले, व ते आहे असे ठरले. स्वजातीपुरते भांडणारे लोक, असा ज्यांचा शिखांवर आक्षेप असेल त्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

बर्मिंगहॅमच्या मुख्याध्यापकांविषयी आम्हांस सहानुभूती वाटते, हे लपविण्याचे कारण नाही. गणवेशाने गरिबाचा व श्रीमंताचा मुलगा एका बाकावर सारखा दिसतो, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि भेद झाकल्याने नाहीसे होत नाहीत. मिशनच्या शाळांत टिळा, बुरखा, जानवे व क्रूस एकाच वर्गात बसत आले आणि त्यामुळे भूमितीचे सिद्धांत अडले, असे आमच्या पाहण्यात नाही.

फ्रान्स देशात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. तेथे 15 मार्च 2004 रोजी कायदा झाला की सरकारी शाळांत विद्यार्थ्यांनी ठळकपणे दिसणारे धर्मचिन्ह धारण करू नये. त्याच वर्षी पॅरिसजवळच्या बोबिन्यी येथील शाळेत एक शीख मुलगा केसांवर 'केस्की' म्हणजे लहानसे काळे वस्त्र बांधून आला. त्यास वर्गात बसू दिले नाही, व पुढे शाळेतून काढून टाकले. फ्रान्सच्या न्यायालयांत दाद लागली नाही, तेव्हा 'युनायटेड सिख्स'च्या साहाय्याने हे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले. समितीने 2012 च्या नोव्हेंबरात मत दिले की त्या मुलाच्या डोक्यावरील वस्त्रामुळे इतर विद्यार्थ्यांच्या हक्कांस किंवा शाळेच्या शिस्तीस धोका होता, हे फ्रान्सने दाखविलेले नाही. सबब त्याच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग झाला आहे. त्याआधी 2011 साली एका वृद्ध शीख गृहस्थास परवान्यावरील छायाचित्रासाठी पगडी काढावयास लावल्याबद्दलही समितीने तसेच मत दिले होते. परंतु ह्या समितीपाशी शिपाई नाहीत व तुरुंगही नाहीत. फ्रान्सने कायदा बदलला नाही आणि तो आजही लागू आहे. जिंकूनही हाती काही न येणे, असा हा खटला आहे, आणि अशा कामास निधी देणारे लोक मिळतात, हेच आम्हांस अन्नदानाहून अधिक विस्मयाचे वाटते.

हक्कांच्या ह्या कामाचा उगम परदेशात झाला, असे मात्र कोणी समजू नये. 1924 साली त्रावणकोर संस्थानात वैकोम येथे, मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांस चालू द्यावे म्हणून सत्याग्रह झाला. पंजाबातील अकाली शीख तेथवर गेले आणि सत्याग्रहींसाठी त्यांनी लंगर उघडला. गांधीजींस ते रुचले नाही. हिंदूंनी आपले पाप आपल्या बळावर धुवावे, असे त्यांचे मत होते. बॅरिस्टर जॉर्ज जोसेफ ह्या ख्रिस्ती पुढाऱ्यासही त्यांनी हेच कळविले होते. गांधीजींच्या म्हणण्यात तथ्य होते, पण उपाशी सत्याग्रहीस भाकरी कोणाच्या हातची, हा प्रश्न पुन्हा तेथेच आणून ठेवावा लागला, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

मुंबईत माटुंग्यास खालसा कॉलेज आहे. डॉक्टर आंबेडकरांनी 1935 च्या ऑक्टोबरात येवले येथे धर्मांतराची घोषणा केली आणि पुढील वर्षी एप्रिलात ते अमृतसरला शीख परिषदेस उपस्थित होते. त्या संबंधातून, त्यांच्या प्रेरणेने, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने 1937 साली हे कॉलेज काढले. डॉक्टरसाहेब शीख झाले नाहीत. 1956 साली त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. कॉलेज राहिले, आणि सर्व जातिधर्मांची मुले तेथे शिकत आहेत.

स्वदेशात ह्या समाजावर ओढवलेल्या संकटाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर 1984 च्या नोव्हेंबरच्या आरंभी एकट्या दिल्लीत, सरकारी मोजदादीप्रमाणे, 2,733 शीख मारले गेले. विधवांच्या साक्षी लिहून घेणे व त्यांस वकील मिळवून देणे ह्या कामात कित्येकांचे उभे आयुष्य गेले. माजी खासदार सज्जनकुमार ह्यास दिल्लीच्या उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती 17 डिसेंबर 2018 रोजी, म्हणजे चौतीस वर्षांनी. तोवर कित्येक साक्षीदार हयात नव्हते.

ज्या कुटुंबांस लंगर प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यांस लातूरमार्गे नांदेड गाठता येते. गुरुद्वाऱ्यात शिरताना जोडे बाहेर ठेवावे, पाय धुवावे व डोके रुमालाने झाकावे. तंबाखू जवळ बाळगू नये. पंगतीत मांडी घालून बसावे. रोटी देणारा आला म्हणजे ती दोन्ही हात पसरून घ्यावयाची असते. एका हाताने उचलणे तेथे अनादराचे समजतात. हवे तितके मागावे, पण ताटात टाकू नये. जेवण आटोपल्यावर भांडी घासण्याची जागा कोठे आहे, हे कोणीही दाखवील. तेथे बहुधा आधीच रांग असते.